निरीश्वराचे अध्यात्म

२०११ सालच्या खानेसुमारीत भारतातील सुमारे २९ लाख माणसांच्या नावापुढे कोणत्याही धर्माची नोंद झाली नाही, आणि आपण निरीश्वरवादी आहोत असे ज्यांनी स्पष्टपणे लिहवून घेतले त्यांची संख्या तर ३३ हजारांच्या घरात होती. १२१ कोटींच्या देशात हा आकडा नगण्य वाटेल. परंतु घरी आलेल्या प्रगणकाला धर्म सांगताना मनुष्य बहुधा आपली श्रद्धा सांगत नसतो, आपले कूळ सांगत असतो, हे ज्याला ठाऊक आहे तो या आकड्यावरून देव न मानणाऱ्यांची खरी गणती करू धजणार नाही. घरात गणपती बसतो, लग्नपत्रिकेवर कुलस्वामिनीचे नाव छापले जाते, वडिलांचे श्राद्ध भाऊ करतो म्हणून आपणही पानावर बसतो, आणि तरीही एकांतात स्वतःला प्रामाणिकपणे विचारले असता या सर्वांच्या मागे कोणी ऐकणारा आहे असे वाटत नाही, अशी माणसे आपल्या ओळखीपाळखीत, आपल्या कचेरीत, क्वचित आपल्या घरातही असतात. त्यांचा धर्म कोणता हा प्रश्न तक्त्यातल्या रकान्यापुरता सुटतो. त्यांच्या अंतःकरणाची भूक कशाने भागते हे मात्र कोणताच रकाना विचारत नाही, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरीव उत्तरे मिळतात. श्रद्धावान म्हणतो की, ज्याला देव नाही त्याला अध्यात्म कोठून असणार. मूळच नाही तेथे फळाची आशा कशाला? उलट, कित्येक बुद्धिवादी म्हणतात की, अध्यात्म हा धर्माचाच मागील दाराने होणारा प्रवेश होय, आणि ज्याने पुढचे दार विचारपूर्वक लावून घेतले त्याने मागचे उघडे ठेवू नये. ही दोन्ही उत्तरे परस्परविरोधी दिसत असली तरी त्यांचे गृहीतक एकच आहे, ते म्हणजे माणसाच्या अंतर्जीवनाचा सारा मुलूख धर्माच्या मालकीचा आहे. धर्माने या मुलखात हजारो वर्षे वहिवाट केली, तेथे विहिरी खणल्या, बांध घातले, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे; परंतु त्या जमिनीची सनद कोणत्याही एका धर्माच्या नावे कधी झाली नव्हती, आणि तिच्यावर पाऊल ठेवण्याचा हक्क मनुष्य म्हणून जन्मलेल्या प्रत्येकाला आहे, असे माझे म्हणणे आहे.

ते नीट मांडण्यासाठी प्रथम धर्माची घडण पाहू. ज्याला आपण धर्म म्हणून ओळखतो तो वास्तविक तीन निरनिराळ्या गोष्टींचा समुच्चय असतो. पहिली गोष्ट म्हणजे जगाविषयीची काही विधाने: हे विश्व कोणी निर्माण केले, मरणानंतर जीवाचे काय होते, पापपुण्याचा जमाखर्च कोणाच्या दरबारी मांडला जातो. दुसरी गोष्ट म्हणजे त्या विधानांच्या आधारे उभा राहिलेला आचार आणि त्याचा कारभार पाहणाऱ्या संस्था: देवळे आणि मठ, पुरोहित आणि पंचांग, सणवार आणि संस्कार, सोवळे आणि ओवळे. तिसरी गोष्ट म्हणजे माणसाने स्वतःच्या मनावर जाणीवपूर्वक करावयाचे काम: अहंकाराला आवर घालणे, चित्त स्थिर करणे, दुसऱ्याचे दुःख आपले वाटू लागेल इतके हृदय विस्तारणे, सृष्टीच्या अफाटपणापुढे नम्र होणे आणि स्वतःच्या मरणाकडे डोळे उघडे ठेवून पाहणे. या लेखात अध्यात्म हा शब्द मी या तिसऱ्या गोष्टीपुरता वापरतो. देव न मानणारा मनुष्य पहिली गोष्ट पुराव्याअभावी नाकारतो. दुसरीतील एकेका आचाराची उपयुक्तता तपासून तो काही स्वीकारतो, काही टाकतो. परंतु तिसरीची निकड त्याला श्रद्धावानाइतकीच असते, कारण क्रोध, मत्सर, शोक आणि मृत्यूचे भय ही कोणाच्याही दारी येताना त्याचे ईश्वरविषयक मत काय आहे याची चौकशी करीत नाहीत.

या तीन गोष्टी एकमेकींपासून सुट्या होऊ शकतात, ही कल्पना पाश्चात्त्य शिक्षणाबरोबर आपल्याकडे आली असे पुष्कळांना वाटते. भारतीय दर्शनांचा इतिहास याच्या अगदी उलट साक्ष देतो. सांख्य दर्शन वेदांना प्रमाण मानणाऱ्या सहा दर्शनांपैकी एक. परंतु त्याच्या अभिजात स्वरूपात, ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’त, ईश्वराला स्थान नाही. पुरुष आणि प्रकृती यांचा भेद ज्याला विवेकाने उमगला तो दुःखातून सुटला, आणि या सुटकेसाठी कोणाच्या कृपेची याचना करावी लागत नाही, असे ते सांगते. म्हणजे येथे साधना पूर्ण आहे आणि ईश्वर अनुपस्थित आहे. पूर्वमीमांसेचा मामला याहून विस्मयकारक आहे. यज्ञाचा एकेक विधी, एकेक आहुती, एकेका मंत्राचे स्थान यांचा इतका सूक्ष्म काथ्याकूट करणारे दुसरे शास्त्र नसेल. तथापि यज्ञाचे फळ देण्यासाठी वर कोणी जगन्नियंता बसला पाहिजे हे मीमांसकांना मान्य नव्हते, आणि कुमारिल भट्टासारख्या कडव्या वैदिकाने सृष्टिकर्त्याच्या कल्पनेवर कठोर आक्षेप घेतले. येथे आचार संपूर्ण आहे आणि तरीही कर्ता देव नाही. जैन परंपरेने जगाला कोणी निर्माता नाही असे मानून इंद्रियसंयमाची जी पराकाष्ठा केली ती सर्वश्रुतच आहे. अखेर दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास उदयनाचार्यांना ईश्वराच्या अस्तित्वाची सिद्धता करण्यासाठी ‘न्यायकुसुमांजली’ हा स्वतंत्र ग्रंथ रचावा लागला, यावरून शंका घेणाऱ्यांचा पक्ष त्या काळी किती प्रबळ होता हे ध्यानात येते. ज्या भूमीत देवाविषयीचा वाद इतक्या उघडपणे आणि इतक्या विद्वत्तेने चालला, त्या भूमीतील निरीश्वराने आपण परक्या घरचे पाहुणे आहोत असे समजण्याचे कारण नाही.

या विषयातील सर्वांत खणखणीत उदाहरण अर्थातच गौतम बुद्धाचे. जग शाश्वत की अशाश्वत, आत्मा आणि शरीर एकच की भिन्न, मुक्त पुरुष मरणोत्तर असतो की नसतो, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय मी साधना करणार नाही, असा हट्ट धरणाऱ्या मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्षूला बुद्धाने विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला, तो प्रसिद्ध आहे. बाण मारणारा कोणत्या वर्णाचा, त्याचे धनुष्य कोणत्या लाकडाचे, प्रत्यंचा कशाची, हे कळल्याखेरीज बाण काढू देणार नाही असे जखमी मनुष्य म्हणू लागला, तर उत्तरे मिळण्यापूर्वीच तो मरून जाईल. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते उपाय करण्याजोगे आहे, एवढे साधकाला पुरेसे आहे. विश्वाच्या उगमाचा निकाल लागेपर्यंत मनाची शुद्धी तहकूब ठेवता येत नाही, हे येथे ज्या निःसंदिग्धपणे सांगितले गेले तसे ते क्वचितच सांगितले गेले असेल.

आपल्या काळात या धाग्याला नवे बळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला, आणि त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात धर्म आणि धम्म यांच्यातील अंतर त्यांनी स्वतंत्रपणे विशद केले. त्यांच्या मांडणीचा सारांश असा की, रूढ अर्थाचा धर्म ही ज्याची त्याची खाजगी बाब ठरू शकते, परंतु धम्म हा मूलतः सामाजिक आहे. एकट्याने राहणाऱ्या माणसाला धम्माची गरज नाही, पण जेथे दोन माणसांचा संबंध आला तेथे तो टाळता येत नाही. आणि इतर धर्मांत ईश्वराचे जे स्थान, ते धम्मात नीतीचे आहे. अंतर्मुखतेच्या नावाखाली शेजाऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवण्याची जी सवय आपल्याकडील अध्यात्माला पुष्कळदा जडली, तिच्यावर याहून जालीम औषध दुसरे नाही.

साधना आणि सिद्धान्त यांची फारकत प्रत्यक्षात कशी होते हे पाहावयाचे असेल तर नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीला जावे. सत्यनारायण गोएंका यांच्या मार्गदर्शनाखाली १९७६ साली तेथे धम्मगिरी हे विपश्यना केंद्र सुरू झाले. दहा दिवसांच्या शिबिरात साधकाने मौन पाळावयाचे असते. पहिले तीन दिवस त्याला नाकपुडीतून येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे केवळ लक्ष द्यावयास सांगितले जाते, आणि पुढे तेच लक्ष शरीरभर फिरवून उमटणाऱ्या संवेदना प्रतिक्रिया न देता पाहावयाच्या असतात. जप नाही, मूर्ती नाही, कोणत्याही रूपाची कल्पना नाही. पायाला मुंग्या आल्या, गुडघा ठणकू लागला, जुना अपमान आठवून छाती भरून आली, तरी ते येते आणि जाते हे स्वतःच्या देहात पाहावयाचे, एवढाच अभ्यास. गोएंकांच्या प्रवचनांत संस्कारांचे आणि जन्मान्तरांचे जे विवेचन येते ते निरीश्वराला पटेलच असे नाही, आणि ते पटल्याचे नाटक त्याने करूही नये. परंतु क्रोधाची लाट उठताच तिच्याबरोबर वाहून न जाता क्षणभर थांबता येते, या अनुभवासाठी पुनर्जन्मावर सही करावी लागत नाही. औषधाचा गुण येतो की नाही हे पाहून वैद्याच्या बाकीच्या मतांविषयी तटस्थ राहण्याची मुभा रोग्याला असते, तितकीच मुभा येथेही आहे.

पाश्चात्त्य जगात हा भेद जेव्हा ठळकपणे पुढे आला तेव्हा त्याच्या केंद्रस्थानी दोन थोर पुरुषांमधील एक पत्रव्यवहार होता. १९२७ साली मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी धर्म हा एक भ्रम आहे असे प्रतिपादणारा ग्रंथ लिहून तो फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ यांना धाडला. रोलाँ यांनी त्याच वर्षी डिसेंबरात उत्तर पाठवले. धर्मसंस्थांविषयीचे फ्रॉइड यांचे परीक्षण आपल्याला मान्य आहे, परंतु त्यांच्या मुळाशी असलेल्या एका अनुभवाची दखल त्यांनी घेतली नाही, अशी तक्रार त्यात होती. आपण या अफाट विश्वापासून वेगळे नाही, समुद्रासारख्या अमर्याद अशा कशात तरी सामावलेले आहो, ही भावना रोलाँ यांना स्वतःला नित्य जाणवत असे, आणि तिला कोणत्याही पंथाची, अमरत्वाच्या आश्वासनाचीही, गरज नव्हती. हेच रोलाँ पुढे रामकृष्ण परमहंस आणि विवेकानंद यांची चरित्रे लिहिते झाले. फ्रॉइड यांनी आपल्या पुढच्या ग्रंथाचा आरंभ याच प्रश्नाने केला, आणि अशी सागरासारखी भावना मला स्वतःमध्ये आढळत नाही असे सरळ कबूल करून, ती असलीच तर अर्भकावस्थेतील मनाचा अवशेष असावी, असा तिचा उलगडा दिला.

या संवादातून सामान्य माणसाने घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. अनुभव आणि त्या अनुभवाचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा पहिला. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे असताना, निरभ्र रात्री आकाशगंगेचा पट्टा पाहताना, किंवा भीमसेन जोशींच्या कंठातून तुकोबांचा अभंग ऐकताना एखाद्या निरीश्वराचे डोळे भरून आले, तर तो अनुभव खोटा नसतो आणि त्यामुळे विठ्ठल विटेवर उभा असल्याचे सिद्धही होत नाही. ‘बघ, शेवटी देव मानलासच ना’ असे म्हणणारा स्नेही अनुभवावर आपल्या अर्थाचा शिक्का मारीत असतो. दुसरा बोध असा की, असा अनुभव सर्वांना यावा असा नियम नाही. फ्रॉइड यांना तो आला नाही, म्हणून सत्याच्या शोधासाठी जन्मभर लोकनिंदा सोसणारा तो पुरुष अध्यात्मशून्य ठरत नाही. विराटाची अनुभूती हा अध्यात्माचा अलंकार आहे. त्याचा कणा चारित्र्य हाच होय.

आणि चारित्र्याचा विषय निघाला म्हणजे मराठी माणसाला गोपाळ गणेश आगरकरांकडे वळावेच लागते. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली अत्यंत गरिबीत जन्मलेले आगरकर शिक्षणाच्या ओढीने पायी रत्नागिरीपर्यंत गेले, एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी तोच अंगात घालून कॉलेजात बसले, आणि एम. ए. होत असताना त्यांनी आईला ते प्रसिद्ध पत्र लिहिले. मुलगा आता मोठ्या पगाराची सरकारी नोकरी धरील आणि घरचे पांग फिटतील, अशी आशा करणाऱ्या त्या माउलीला त्यांनी आधीच कळवून टाकले की, संपत्तीचा हव्यास न धरता पोटापुरत्या पैशावर संतोष मानून आपण सर्व वेळ परहितासाठी खर्च करणार आहो. ते शब्द त्यांनी अखेरपर्यंत पाळले. शिक्षकाची नोकरी, ‘केसरी’चे संपादन, १८८८ साली काढलेला ‘सुधारक’ आणि शेवटी फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद, या सर्व वाटचालीत दारिद्र्याने आणि दम्याने त्यांची पाठ सोडली नाही. ईश्वराच्या बाबतीत ते अज्ञेयवादी होते. देवतांच्या कल्पना मानवी मनात कशा उगवल्या याची चिकित्सा त्यांनी निर्भयपणे केली. आणि त्याचे बक्षीस म्हणून सनातनी मंडळींनी ते जिवंत असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली. तथापि त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या, त्यांची व्रतवैकल्ये त्याच घरात चालत, आणि जगाशी इतक्या त्वेषाने भांडणाऱ्या या पुरुषाने घरात आपल्या मताची सक्ती केली नाही. १८९५ च्या जूनमध्ये, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी, ते वारले, तेव्हा आपल्या दहनाच्या खर्चाचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी बाजूला काढून ठेवलेली पैशांची पुडी लोकांना सापडली.

अपरिग्रह, सत्यनिष्ठा, निंदेपुढे अविचलता, भिन्न श्रद्धेविषयी सहिष्णुता आणि मृत्यूच्या समोर बसून केलेला शांत हिशेब: योग्याच्या अंगी असावीत म्हणून ग्रंथांनी जी लक्षणे सांगितली त्यांतील कोणते येथे उणे आहे? स्वर्गाचे आमिष आणि नरकाचा धाक ही दोन्ही वजा करूनही हे आयुष्य उभे राहिले, यातच निरीश्वराच्या अध्यात्माचा पुरावा आहे.

येथे एक रास्त शंका उपस्थित होईल. आगरकरांसारखा मनोबलाचा मनुष्य एकटा उभा राहू शकतो, सामान्यांचे काय? घरात मृत्यू झाला की, दहा दिवस काय करावयाचे हे धर्म सांगतो. कोणी कोठे बसावे, काय खावे, कोणाला बोलवावे, हे सर्व ठरलेले असते, आणि शोकाने बधिर झालेल्या माणसाला त्या ठरलेपणाचा मोठा आधार वाटतो. दहाव्याला नदीकाठी पिंड मांडून कावळ्याची वाट पाहत उभे असलेले ते लोक पाहावेत. कोणी अधीरतेने झाडाकडे बघतो, कोणी मृताची राहिलेली इच्छा आठवून ‘तुझ्या मुलीचे लग्न आम्ही करू’ असे हात जोडून मोठ्याने सांगतो, आणि त्या वाक्यासरशी साऱ्या भाऊबंदांसमोर एक जबाबदारी कायमची स्वीकारली जाते. कावळा आत्म्याचा निरोप आणतो हे निरीश्वराला पटत नाही. परंतु मृताच्या माघारी त्याचे अपुरे कर्तव्य कोणी तरी चारचौघांत उचलावे, ही त्या विधीमागील मानवी गरज त्याने झिडकारू नये. विधी टाकताना त्याने भागवलेली गरजही टाकली, तर मागे केवळ पोकळी उरते, आणि तीच माणसाला पुन्हा भटजीच्या किंवा भोंदूच्या दारात नेऊन उभी करते.

विधी आणि त्यातील भाव यांची निवड किती प्रामाणिकपणे करता येते याचा उत्तम दाखला पंडित जवाहरलाल नेहरूंच्या मृत्युपत्रात आहे. २१ जून १९५४ रोजी लिहिलेल्या त्या पत्रात त्यांनी बजावले की, आपल्या मृत्यूनंतर कोणतेही धार्मिक विधी करू नयेत. ज्यावर विश्वास नाही ते केवळ रीत म्हणून करणे त्यांना दांभिकपणाचे वाटत होते. आणि लगेच पुढे, आपल्या रक्षेतील मूठभर रक्षा अलाहाबादला गंगेत सोडावी अशी इच्छा त्यांनी नमूद केली. यात धार्मिक हेतू नाही हे स्पष्ट करून त्यांनी सांगितले की, गंगा-यमुनांशी आपला बाळपणापासूनचा जिव्हाळा आहे, आणि गंगा ही भारताच्या युगानुयुगांच्या संस्कृतीचे प्रतीक आहे. उरलेली रक्षा विमानातून, जेथे शेतकरी राबतात त्या शेतांवर विखुरली जावी, म्हणजे ती या देशाच्या मातीत मिसळून जाईल. प्रत्यक्षात १९६४ साली त्यांचे अंत्यसंस्कार धार्मिक विधींसह झाले, हा भाग वेगळा. मागे राहिलेल्यांवर रूढीचा दाब किती असतो एवढेच त्यावरून दिसते. परंतु मोक्षाची कल्पना बाजूला ठेवूनही नदीवर इतके उत्कट प्रेम करता येते, आणि आपला देह शेवटी कष्टकऱ्यांच्या मातीला मिळावा ही इच्छा कोणत्याही प्रार्थनेइतकी पवित्र असू शकते, हे त्या पत्राने दाखवून दिले.

निरीश्वरांना असे संस्कार अगदी शून्यातून घडवावे लागतील असेही नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुरोहिताविना, वधूवरांच्या परस्परांना दिलेल्या वचनांवर आधारलेल्या विवाहाची पद्धत रूढ केली; फुले स्वतः निर्मिकाला मानीत असत, पण मध्यस्थाचा कारभार काढून टाकला तरी संस्काराचे गांभीर्य कमी होत नाही हे त्यांनी सिद्ध केले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने कोणत्याही धर्मविधीवाचून विवाह नोंदवण्याची सोय झाली. मरणोत्तर देहदान करून वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडणे, श्राद्धाच्या दिवशी एखाद्या विद्यार्थ्याची फी भरणे, मृताच्या आठवणी सांगण्यासाठी आप्तेष्टांनी एकत्र बसणे, हे सारे आता आपल्या घरांतून होऊ लागले आहे. या प्रथांना सातत्य आणि सौंदर्य यावे यासाठी निरीश्वरांनी मन लावून परिश्रम केले पाहिजेत.

आता एका धोक्याविषयी स्पष्ट लिहिणे अगत्याचे आहे. ‘मी धार्मिक नाही, पण आध्यात्मिक आहे’ असे म्हणण्याचा प्रघात शहरांतून वाढला आहे, आणि त्या वाक्याच्या आडोशाने पुष्कळ माल खपवला जातो. कोणी विश्वातील कंपने जुळवून देतो, कोणी रत्नांची ऊर्जा विकतो, कोणी स्पर्शाने व्याधी हरतो आणि त्याची पावती मात्र देत नाही. देवाला पुरावा नाही म्हणून ज्याने देव सोडला, त्याने तितकाच पुरावा नसलेल्या ऊर्जेपुढे मान तुकवावी हे विवेकाशी विसंगत आहे. अशा अध्यात्माहून जुना धर्म बरा, कारण त्याला निदान परंपरेचा आणि समाजाचा जाब तरी द्यावा लागे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका येथे मार्गदर्शक आहे. कोणाच्या देवाधर्माला आपला विरोध नाही, त्याच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, हे ते पुनःपुन्हा सांगत आले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या तो त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याच्या विधिमंडळाने संमत केला. मारेकऱ्याच्या गोळीपर्यंत ढळला नाही असा तो विवेक, तीही एक साधनाच होती.

श्रद्धावान आणि अश्रद्ध यांच्यामध्ये जी भिंत आपण समजतो ती खऱ्या अध्यात्माच्या ठिकाणी उरत नाही, हे महाराष्ट्राच्या इतिहासातून वारंवार दिसून आले आहे. मुखाने गोपालाचा गजर करणारे गाडगे महाराज गावात शिरले की, प्रथम हाती खराटा घेऊन रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून विचारून त्यांच्या नवसांची आणि पशुबळींची निरर्थकता त्यांच्याच तोंडून वदवून घेत. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपुरासारख्या क्षेत्री धर्मशाळा बांधल्या. आणि बाबा आमट्यांची कथा तर सर्वांच्या परिचयाची आहे. वरोड्याच्या रस्त्यावर पावसात पडलेला, बोटे झडलेला, किड्यांनी पोखरलेला तुळशीराम दिसताच हा धिप्पाड, निर्भय म्हणून नाव मिळवलेला वकील भयाने घराकडे पळाला. आणि त्या भयाची लाज वाटून परत फिरला. त्यांनी त्या माणसावर निवारा उभारला आणि त्याची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. पुढे कलकत्त्यास जाऊन कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले, आणि १९५१ साली ओसाड, खडकाळ जमिनीवर मूठभर रोग्यांसह आनंदवनाचा संसार मांडला. १९९० साली धर्मक्षेत्रातील कार्यासाठी दिला जाणारा टेम्पलटन पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा पुरस्कार देणाऱ्यांनी पूजाअर्चेकडे पाहिले नव्हते. झडलेल्या बोटांच्या हातांना त्यांनी जे काम आणि जो मान मिळवून दिला त्याकडे पाहिले होते. गाडगे महाराजांच्या ओठी देवाचे नाव होते, बाबांच्या हाती जखमांचे बोळे होते. पण दोघांची दिशा एक होती, आणि त्या दिशेला जाण्यासाठी कोणीही कोणाला मत बदलावयास सांगितले नाही.

तात्पर्य, धर्म आणि अध्यात्म यांतील भेद निरीश्वराच्या दृष्टीने असा ठरतो की, धर्म त्याला काय मानावे हे सांगतो, आणि अध्यात्म त्याने कसे व्हावे हे विचारते. पहिल्यापासून मोकळीक मिळाली म्हणून दुसऱ्यापासूनही मिळाली, असे समजणारा निरीश्वरवादी आपल्या विचाराचे अर्धेच काम करून थांबतो. त्याने दिवसातून काही वेळ निःशब्द बसून स्वतःच्या मनाची झडती घ्यावी. फळाची नोंद कोणत्याही दप्तरी होणार नाही हे जाणून कोणाची तरी सेवा करावी. सृष्टीचे ज्ञान मिळवीत असताना विस्मयाला पारखे होऊ नये. आणि हे सर्व एकट्याने न करता समविचारी माणसांचा संग जोडावा. हे श्रद्धावानाच्या मार्गाहून सोपे नाही. श्रद्धावानाला चुकीसाठी देवापुढे नाक घासता येते, प्रायश्चित्त घेता येते, तीर्थात बुडी मारून हलके होता येते. निरीश्वराला क्षमा करणारा वर कोणी नाही. म्हणून ज्याचा अपराध केला त्याच्याच दारी त्याला जावे लागते, त्याच्याच डोळ्यांत पाहून चूक कबूल करावी लागते, आणि जे नुकसान भरून देता येईल ते याच जन्मात भरून द्यावे लागते.